आटे

ड्रॉवरमध्ये डबा आहे, वनस्पती तुपाचा, झाकण हरवलेला.
त्यात न जुळणारे नट.
नव्या बॅचला पहिल्या दिवशी मी एवढंच देतो,
अर्ध्या इंचाचा नट, बारा मिलिमीटरचा बोल्ट.
लावा म्हणतो.
लागतो. एक वेढा जातो, दीड जातो,
पोरं हसतात, त्यात काय,
मग अडतो.
जोर लावू नका, मी सांगतो,
दोघांचेही आटे जातील.
सत्तावीस वर्षं सांगतोय.

इरफान शिकलगार जोर लावायचा नाही.
मिरजेच्या मार्केटात बाप धारेचं चाक पायानं फिरवायचा,
त्या चाकाशेजारी वाढलेलं पोर.
लेथवर हत्यार टेकलं की मान तिरकी करून ऐकायचा.
"सर, बोथट झालंय."
छिलका तर अजून चकचकीत सुटत असायचा.
काढून बघावं तर टोक गेलेलं, केसाएवढं.
मायक्रोमीटर नंतर हो म्हणायचा.

लेथ आमचा चौऱ्याहत्तर सालचा, पट्ट्यावरचा.
अभ्यासक्रम त्याहून थोडासाच धाकटा.

मेळावा भरला सांगलीत, मंगल कार्यालयात,
आदल्या दिवशीच्या अक्षता टेबलांखाली तशाच.
कुपवाडच्या कंपन्या, पलूसच्या, एक पुण्याची.
फलकावर लिहिलेलं, कुशल माणसं पाहिजेत, तातडीने.
आणि रांग जिन्यावरून खाली, पार्किंगमधून
रसाच्या गाड्यापर्यंत.
बिरनाळे मॅडम फॉर्म घेत होत्या.
"पाच अक्षांचं मशिन चालवलंय? प्रोग्रॅमिंग? तेही नाही?"
माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या.
त्या प्राणिशास्त्राच्या एमएस्सी,
बेडकाचं हृदय बाहेर काढून धडधडतं ठेवता येतं त्यांना,
इथं बायोडाटा आडनावाप्रमाणे लावतात.
पलीकडच्या टेबलावर मगदुमांचा बी.ई. झालेला मुलगा
पार्सल पोचवायच्या कामावर सही करत होता.
पात्रता : स्वतःची दुचाकी.

इरफान पॅकिंगला लागला.
खोकी, चिकटपट्टी, नऊ तास.

श्रावणात फोन आला.
"सर, तीन नंबरचं मशिन कण्हतंय. बेअरिंग हाय.
स्क्रीनवर समदं हिरवंच दिसतंय.
सुपरवायझरला सांगितलं, तर म्हनला, तू खोकी बघ."
शनिवारी मशिन बसलं.
चेन्नईहून माणूस येईपर्यंत अकरा दिवस
शेडचा तो कोपरा गप्प होता म्हणे.
त्याला कोणी काही विचारलं नाही.
मला वाटलं होतं, विचारतील.

आता रविवारी येतो तो, डब्यात बिर्याणी घेऊन.
रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या वहीचे फोटो मोबाइलवर,
हलल्यामुळे निम्मे पुसट.
वर्कशॉपच्या फरशीवर आम्ही खडूनं उतरवून काढतो.
जी शून्य शून्य : काही न कापता धाव.
जी शून्य एक : ठरल्या गतीनं, कापत जा.
मी सत्तावन्नचा, आकडे उलटे मांडतो,
तो खोडतो आणि खोडताना "सर" म्हणायला विसरत नाही.
एकदा फरशीकडे बघतच म्हणाला,
"आमची बॅच शून्य शून्यवरच हाय का, सर?"
हातातला खडू संपला होता.
मी दुसरा आणायला गेलो, जरा वेळ लावला.

सोमवारी नवी बॅच आली.
वीस जागा, तोच अभ्यासक्रम,
हजेरीपटावर माझीच सही.
बाहेर मार्केट यार्डाकडून हळदीचा वास,
आत तेलाचा.
डबा काढला. नट वाटले, बोल्ट वाटले.
म्हटलं, जोर लावायचा नाही, आणि बघायचंही नाही,
डोळे मिटून कानाजवळ फिरवा,
अडायच्या आधी एक आवाज येतो.

एका पोरानं खरंच डोळे मिटले.
बाकीचे त्याला हसत होते.