नमुना क्रमांक सात

पंचाहत्तर ठोके वरून, पंचाहत्तर खालून.
एकतीस वर्षं मोजतोय, त्यामुळं
शेजारी कुणी हळद कांडली तरी
मी मनात आकडा धरतो.
बायको म्हणते, अहो मगदूम,
जेवताना तरी थांबा.

प्रयोगशाळेत माझं काम एवढंच:
खडी चाळायची, डांबर तापवायचं,
गोळा साच्यात ठोकायचा, साठ अंशाच्या पाण्यात
अर्धा तास बुडवून यंत्राच्या जबड्यात द्यायचा
आणि कुठल्या वजनाला तो हार मानतो ते लिहायचं.
हार मानण्याचं इतकं स्वच्छ गणित
मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही.

यंदा रेहाना शिकलगार आली
कारखान्यातली राख पोत्यात घेऊन.
उसाच्या चिपाडाची राख, दगडाच्या भुकटीऐवजी.
म्हणाली, मामा, ऊस ज्या रस्त्यानं जातो
त्याच रस्त्यात परत घालून बघू.
चार टक्क्यांना गोळा तगला, सहाला बरा,
आठला पाण्यात ठेवल्यावर खडीनं डांबर सोडलं,
ओल धरलेल्या भिंतीनं चुना सोडावा तसं.
तिनं तोंड पाडलं नाही.
'आठ नको' एवढंच लिहिलं.

मग आष्ट्याच्या रस्त्यावर गेलो, गाभे काढायला.
वळणाच्या अलीकडं, जिथं
दिवाळीपर्यंत चार दुचाक्या घसरल्या होत्या
आणि पाचवी बिनदिव्याच्या ट्रॉलीखाली गेली.
पाचही कागदांवर कारण एकच:
चालकाचा निष्काळजीपणा.

यंत्र गरगरलं, पाणी काळं झालं,
सहा गाभे सरळ आले, उसाच्या कांड्यासारखे.
सातवा हातात आला आणि दोन झाला.
आवाज न करता. भाकरीचा पापुद्रा सुटतो तसा.

मधे गाळ होता.
बोटभर नाही, नखभर.
करडा, मऊ, अजून थोडा ओलसर.
मी नाकाशी नेला.
महापुरात आमच्या स्वयंपाकघरात
चौथ्या फळीपर्यंत हाच वास चढला होता.

म्हणजे पाणी उतरलं आणि कुणाला तरी घाई होती.
झाडू फिरला नाही, कॉम्प्रेसरचं डिझेल वाचलं,
जतकडच्या कुण्या लगमव्वानं पायाला गोणपाट बांधून
झारीनं डांबर शिंपडलं असेल, सांगितलं तेवढं,
गाळावरच.
डांबर गाळाला धरतं.
गाळ कुणालाच धरत नाही.

उपअभियंता म्हणाले, लिहा,
'नमुना काढताना तुटला.' मशीनमुळं होतं असं.
चहा मागवला त्यांनी. चहा चांगला होता.

नोंदवहीत शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
मी लिहिलं: दोन थरांमध्ये नदी.
रेहानानं त्यावर रेघ मारली, वर लिहिलं:
गाळ, तीन मिलिमीटर. थरांची पकड शून्य.
खाली सही, तारीख, वेळ.
तिचं बरोबर होतं.
नदीवर कारवाई होत नाही.

अहवाल गेला. कुठवर गेला, माहीत नाही.
सातचे दोन्ही तुकडे माझ्या खिडकीत आहेत,
एकावर एक ठेवले की अखंड दिसतात.
नवी पोरं कौतुकानं उचलायला जातात,
आणि वरचाच हातात येतो.

परवा मोटारसायकलवर मेहुण्याकडं निघालो होतो.
वळणाआधी एक हादरा, बारका, वाटीएवढा.
आम्हीच पाडलेलं भोक, आम्हीच भरलेलं,
थंड मिश्रण, ऊन कलताना,
ठोके किती दिले ते काही केल्या आठवेना.
उतरलो. चपलेनं दाबून बघितलं.
मागून ट्रॉली आली, लाल पट्टी नाही, दिवा नाही,
ऊस इतका उंच की मावळतीच झाकली.
कडेला सरकलो, आणि ती पुढं गेल्यावर
उद्या बादली आणि धुम्मस आणायचा, असं
मोठ्यानं म्हणालो,
ऐकायला कुणी नव्हतं तरी.