चौथं पाणी

मी बर्फ पाहिलाय तो बेतीच्या धक्क्यावर,
बांगड्यांच्या पेट्यांवर फावड्यानं टाकलेला,
कडांना गुलाबी.
त्याहून थंड काही
आमच्या घराण्यात कुणाला ठाऊक नाही.

आणि पगार मिळतो तो अशा जागेचा
जिथे निरपेक्ष शून्याच्या वर अर्धा अंशही नाही.
ताळगांवच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावर,
संगणकातल्या गणितात हेलियमचा एक थेंब,
थेंबात आम्लाचा एकच रेणू:
एक क्लोरीन, त्याच्या मुठीत एक प्रोटॉन.
खिडकीखाली काजूची बोंडं कुजतायत,
एसी तो वास आत ओढतो.

बाटलीतल्या आम्लाचं कौतुक नको.
तिथे ऊब असते, गर्दी असते, धक्के असतात,
अशात कुणीही सोडतं.
इथे ढकलायला कुणी नाही.
सोडायचं तर
नुसतं शेजाऱ्यांच्या भरवशावर.

एक पाणी आलं. आम्ल त्याला टेकलं, एवढंच.
दुसरं आलं.
तिसरं आल्यावर कडं झालं, बंध जरा ताणला,
मूठ मिटलेलीच.
पहाटेचे तीन. चहावर साय धरलेली.
चौथं पाणी बाहेरच्या अंगानं येऊन चिकटलं
आणि आम्लानं प्रोटॉनवर पाणी सोडलं.

(हे वाक्य मराठीत आधीपासून तयार होतं.
प्रबंधात ते इंग्रजीत गेलं आणि मेलं.)

मग उलट करून पाहिलं.
आधी चारी पाण्यांना एकत्र येऊ दिलं.
त्यांनी एकमेकांचे हात धरले, फुगडीसारखे,
चौकोनी कडं पक्कं झालं,
मग आम्ल धाडलं.
ते कड्याबाहेर उभं राहिलं. अख्खं.
तीच चार, तीच थंडी,
फरक फक्त कोण कधी आलं याचा.
सरांनी विचारलं, चूक कुठे आहे?
मी म्हटलं, आगरवाड्याला.

बाबा गेले त्या आठवड्यात
मिठागरांच्या मंडळातले चौघं एकदमच आले.
सोप्यावर गोल बसले.
फुटलेल्या बांधाचं, मानशीच्या लिलावाचं
आपापसांत बोलले.
आई दारात, हातात बाबांची फळी,
मीठ ओढायची,
दांडा त्यांच्या तळव्यांनी झिजलेला.
कुणी मागितली नाही, तिनं दिली नाही.
रात्री ती उशाशी घेऊन झोपली.
डोळे कोरडे. तीन महिने कोरडे.

चैत्रात एका दुपारी इनासिन बाय आली,
पेजेचं भांडं ठेवून बसली.
ती बसलेलीच होती तेव्हा रुक्मा आली, सोलं घेऊन.
मग जयवंतीची सून, कडेवर पोर.
आईच्या मांडीवर फळी आडवी.
कुणी सांत्वनाचं काही बोललं नाही,
पोरानं मात्र दांडा चाटून बघितला, खारट लागला असणार.
चौथा आला तो साखळीचा टेंपोवाला.
दरवर्षी मीठ न्यायचा, नाव आम्ही कधी विचारलं नव्हतं.
त्याला प्यायला पाणी हवं होतं.
पायरीवर टेकला, म्हणाला,
"औंदूं मीठ ना?"

आई उठली.
फळी इनासिन बायच्या हातात दिली
आणि घराच्या दुसऱ्या टोकाला,
न्हाणीच्या भिंतीला धरून रडली.
मधे तिघं. कुणी हललं नाही.
पोरसुद्धा गप्प.

आता आमच्या आगरात इनासिन बाय मीठ ओढते.
आई बांधावर बसून तिच्या चुका काढते,
दोघींच्या मधे तीन वाफे.
तुटलं म्हणावं तर दोघी दिवसभर
एकाच पाण्याकडे बघत असतात.

सर अजून चूक शोधतायत.
मी काल रात्री पाचवं पाणी सोडून आलेय.
गणित संपायला आठवडा लागेल.