डोकं नसलेली

गढीवरून आलेल्या खोक्यातून
आज पाच जणी निघाल्या.
कापसात गुंडाळलेल्या, प्रत्येकीवर नंबर आणि थराची खूण.
मला त्यांची चित्रं काढायची आहेत,
समोरून, बाजूने, मागून,
सावलीसाठी शाईचे ठिपके.
एकीला साधारण दोन हजार लागतात.

सगळ्यात खालच्या थरातली
माझ्या करंगळीएवढी. कच्चीच.
डोकं नाही.
मोडलेलं नाही, मुळातच नाही.
खांद्यांच्या मधोमध काडी मावेल एवढं भोक,
दोन चिमटीत झालेला ऊर,
आणि पायांऐवजी मातीचा निमुळता शेव.
नोंदवहीत 'बिनडोक्याची' लिहिलं,
माझंच मला हसू आलं,
खोडून 'शिरोहीन' केलं.

तिच्या वरच्या थरातली भाजलेली.
नाक चिमटीने ओढलेलं, चोचीसारखं,
डोळे म्हणून दोन गोळ्या चिकटवल्या होत्या,
एक कधीतरी गळून गेली.
आणि त्याही वर, साच्यातल्या तिघी:
कमरपट्टा, जड कर्णभूषणं, अंबाड्याची वळणं,
तिघींचं हसू एकच.
तिघींच्या डाव्या गालावर तीच बारीक चीर.
म्हणजे चीर साच्याला होती.

अहवालातलं वाक्य तयारच असतं:
ओबडधोबडपणाकडून सफाईकडे.
मीही तेच लिहिलं असतं,
पण साहेबांनी मातीचं विचारायला
कुंभारवाड्यातून ठकूबाई रसाळांना बोलावलेलं.
हातमोजे पुढे केले तर म्हणाल्या,
मातीला कसले हातमोजे?
साच्यातल्या तिघी उलटून पाहिल्या.
ह्या बाजाराच्या, म्हणाल्या, एका दिवसात शंभर.
चोचवालीशी जरा थांबल्या,
गळालेल्या डोळ्याच्या खळग्यात नखाने चाचपलं,
पाणी कमी लावलं हिनं.
मग ती करंगळीएवढी तळव्यावर घेतली
आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

डोकं राहून नाही गेलं हिचं, बाई.
आमच्या गौरी बघ. धड म्हणजे काय,
मडक्यावर मडकं, वरून लुगडं.
मुखवटा तीन दिवसांचा.
बाकी वर्षभर फडताळात, जुन्या धोतरात बांधलेला.
हिचंही असंल तसं.
काडीवर बसवायचं, सण झाला की काढून ठेवायचं.
रोज तोंड दिलं तर ती रोज बोलणार,
आणि मग ऐकावं लागतंय.

भाजली का नाही मग?
त्यांनी हनुवटीनेच खिडकीबाहेर,
गंगेकडे दाखवलं.
परत करायची असंल.

संध्याकाळी दिव्याखाली बसले.
तुटलेला भाग तुटक रेषेने पुरा करायचा,
हा आमचा नियम.
भोकापाशी पेन आणलं, तसंच उचललं.
हिचं काही तुटलेलंच नाही.

पाठ काढायला मूर्ती उलटी केली
तर कमरेच्या वर अर्ध्या अंगठ्याचा ठसा,
रेघा अजून मोजता येतील असा.
माझा अंगठा त्यावर धरून पाहिला, न टेकवता.
माझा थोडा मोठा निघाला.
तेवढ्या जागी ठिपके दिले नाहीत.
शैलीचा रकानाही
अजून रिकामाच आहे.