अकरा चिमटे

कोट नुत्साच्या काकांचा, ट्रॉलीबसवर होते तेव्हाचा.
दोन मापं मोठा.
म्हणून एलिसोच्या पाठीवर
कपडे वाळत घालायचे अकरा चिमटे,
आणि समोरून बघाल तर
अंगावर बेतून शिवलेला.

त्बिलिसीत, बाजारामागच्या लोखंडी जिन्यावर
बाचो थर्माकोल धरून उभा, ऊन वळवायला.
ऊन येईना.
बुटांच्या तळव्यांना चिकटपट्टी:
सहाच्या आत दुकानात परत,
ओरखडा न पडता.

"हसू नकोस," मी म्हणते,
"भुकेली असल्यासारखी बघ."
"आहेच," एलिसो म्हणते.

इतक्यात वरून बादली घेऊन
दुसऱ्या मजल्यावरच्या बाई उतरल्या.
एलिसोच्या मागे थांबल्या. बघितलं. मोजलं असावं.
मग एक निळा चिमटा काढून घेतला.
"हा माझा. सकाळपासून शोधतेय."

खांदा घसरला,
कोट पुन्हा काकांचा झाला,
एलिसो फस्सकन हसली
आणि माझं बोट दाबलं गेलं.

फोटो हललाय. कडेला अर्धी बादली.
संपादक म्हणतो, मुखपृष्ठावर चालणार नाही,
विद्यार्थ्यांचं मासिक असलं म्हणून काय झालं.

बाई जाता जाता म्हणाल्या होत्या,
बाकीचे दहाही माझेच आहेत.
अंधार पडायच्या आत आणून द्या.