रात्रीची पडताळणी

नियम असा आहे:
ज्याला घर नाही, त्याच्याकडे कागद मागायचा नाही.
फक्त रात्री जायचं
आणि सांगितल्या जागी तो झोपतो का, ते बघायचं.
एकदा बघून भागत नाही. पुन्हा जायचं.

मी बालवाडीची बाई. दिवसा आकार, रंग, नाकं पुसणं,
आणि निवडणूक आली की बीएलओ.
रात्री साडेअकराला नवऱ्याच्या स्कूटरवर मागे,
मांडीवर रजिस्टर, हातात बॅटरी,
तुर्भ्याच्या पुलाखाली.

अर्जावर पत्ता मीच लिहिला होता.
दुर्गव्वा हणमंत विटकर, वय एकसष्ट,
खांब क्रमांक सत्तेचाळीस.
सेक्टर नाही, प्लॉट नाही.
एवढा मोठा रकाना, खांब एका कोपऱ्यात मावला.

पहिल्या रात्री ती झोपलेली होती.
आता झोपलेल्या बाईला उठवून
कसं विचारायचं, तुम्ही इथंच झोपता का?
विचारलं.
ती उठून बसली, पदर सारखा केला, म्हणाली,
'झोपले होते.'

मग पोतं झटकून बसायला दिलं
आणि खाणीचं सांगत राहिली.
तिच्या सासऱ्यानं पहिली पहार मारली तेव्हा
समोरचा डोंगर अख्खा होता म्हणे.
त्याची खडी वाशीला गेली, नेरुळला गेली,
कुणाकुणाचे स्लॅब झाली.
मग खाण बंद. झोपडीवर नोटीस चिकटवली,
त्यात आपलं नाव बरोबर होतं का
हे तिला अजून माहीत नाही.

दुसऱ्या खेपेला ती नव्हती.
खांबही नव्हता. म्हणजे होता,
पण आकडा गेला होता.
पूल रंगवायला काढलेला,
सत्तेचाळीसवर फ्लेमिंगोचा पाय,
एकच, गुलाबी, ओला.
रंगाऱ्याला विचारलं, इथली माणसं?
त्यानं ब्रशनंच दाखवलं,
पुढे. वाळेपर्यंत.

बावन्नला सापडली.
नवरा म्हणाला, आता शेरा काय मारणार?
पाच खांबांचा फरक.
मी लिहिलं, 'अर्जदार आढळून आली.'
खोटं नव्हतं ते.

कार्ड टपालानं येतं.
पोस्टमन भोपींचा फोन:
मॅडम, हा पत्ता आहे की कोडं?
म्हटलं, पक्ष्याचा पाय शोधा.
त्यांनी शोधला. अंगठा घेतला, पाकीट दिलं.
दुर्गव्वानं कनवटीला हात घालून विचारलं,
किती द्यायचे?
जन्मातलं पहिलं टपाल,
तिला वाटलं विकत असतं.

माझं कार्ड जुनं आहे.
पत्ता दोन भाडेकरारांपूर्वीचा, कोपरखैरण्याचा,
तिथं आता केक करणारी कुणी राहते.
मी तिथं झोपते का हे बघायला
रात्री कधी कुणी आलं नाही.

ड्युटी लागली भिवंडीला,
म्हणून माझं मत आधीच, टपाली.
ट्रेनिंगच्या हॉलमध्ये पुठ्ठ्याच्या आडोशाला,
लिफाफ्यात लिफाफा, वर प्रतिज्ञापत्र,
डिंक नीट चिकटेना, अंगठ्यानं दाबत बसले.
बोटाला शाई नाही.
पेटीत टाकलं तेव्हा आवाजही आला नाही.

मतदानाच्या आदल्या रात्री केंद्रावरच थांबले,
पहाटे पाचला परत येणं जमणारं नव्हतं.
तिसरी ब-चा वर्ग. बाकं सरकवून सतरंजी,
उशाला पर्स, फळ्यावर कुणाची तरी वजाबाकी.
मनात आलं,
दुर्गव्वा आज सत्तेचाळीसला असेल की बावन्नला,
उद्या कोण सांगेल तिला केंद्र कुठं आहे ते.
चिठ्ठी तर मी दिली होती.
वाचून दाखवली होती का?

अडीचच्या सुमाराला तोंडावर बॅटरीचा झोत.
बंदोबस्ताचा हवालदार, फेरीवर.
मी उठून बसले, ओढणी सारखी केली.
तो म्हणाला, झोपा, झोपा.
त्यानं काही विचारलं नव्हतं,
तरी मी सांगितलं,
इथलीच आहे.
म्हणजे, आजच्यापुरती.