बिघाड नाही

त्सियालाबाईंनी यंदाच्या थंडीत मला चारदा बोलावलं.
कुतायसी, नदीच्या अलीकडचं पिवळं घर, चौथा मजला.
लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं
आणि माझ्याकडे कधी सुट्टे नसतात,
म्हणून पेटी खांद्यावर, आणि जिना.

तक्रार एकच. रात्री नऊच्या ठोक्याला
टीव्ही आपला आपण बदलतो.
मालिकेतली सून दाराची कडी काढणार,
पलीकडे कोण उभं आहे ते आता कळणार,
तेवढ्यात कुस्ती.
जाड जाकिटातले दोन बाप्ये
एकमेकांचे पट्टे धरून गोल गोल फिरतायत.
रिमोट तर तिच्या मांडीवर, लोकरीच्या गुंड्याखाली.
बोटसुद्धा लावलं नाही, देवाशपथ.

पहिल्या खेपेला मी सेल बदलले.
दुसऱ्या खेपेला पाठ उघडली, धूळ फुंकली,
एक वाळलेलं झुरळ निघालं.
गुन्हेगार सापडला म्हणून आम्ही चहा घेतला,
सोबत कोवळ्या अक्रोडांचा मुरंबा, शाईसारखा काळा.
झुरळ निर्दोष होतं.

तिसऱ्या खेपेला ती हळूच म्हणाली, वालिको असेल.
नवरा. जाऊन अकरा वर्षं झाली.
त्याला कुस्ती आवडायची का, मी विचारलं.
छे. पण तिकडे गेल्यावर माणूस काय काय शिकेल, नेम नाही.
पाद्रीबाबा येऊन पाणी शिंपडून गेले होते,
त्यातलं थोडं सॉकेटमध्ये गेलं होतं.
ते दुरुस्त केलं. त्याचे पैसे घेतले नाहीत.

चौथ्यांदा मी ठाण मांडूनच बसलो.
नऊला दोन मिनिटं कमी.
दोन जाहिरातींच्या मधे पडदा क्षणभर काळा होतो,
त्या काळ्या काचेत
मला आमच्या पाठीमागची खिडकी दिसली,
खिडकीपलीकडचा चौक, गोठून ताठ झालेल्या चादरी,
आणि चौकापलीकडे एक म्हातारा,
बनियनवर, हात सरळ लांब करून,
पिस्तूल रोखावं तसा.
त्याचा टीव्ही खिडकीखाली, आमच्याकडे पाठ करून.
तीच कंपनी, तेच वर्ष.
दोन्ही मीच विकलेले, सवलतीत,
एकाच गाडीतून आलेले दोन खोके.

हा किरण डोळ्याला दिसत नाही, मी म्हणालो,
आणि काच त्याला अडवत नाही.

तिने चष्मा पुसला, परत घातला.
नोदारी? पावाच्या कारखान्यातला?
मग बऱ्याच वेळाने,
सून कडी न काढताच राहिली होती तिकडे,
रोज नऊला?

इलाज सोपा. टीव्हीच्या हनुवटीशी
मिरीएवढा एक डोळा असतो.
त्यावर काळी चिकटपट्टी लावली, खालची कड उघडी ठेवून,
तिच्या खुर्चीतून तेवढी पुरे.
बिलावर लिहिलं: बिघाड नाही. पाच लारी.

फेब्रुवारीत त्याच घरात गेलो,
तिसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी गिझर.
पान्हा फिरवताना छतातून ऐकू येत होतं:
सुनेच्या पैंजणांसारखं काहीतरी, मग ढोल, शिट्ट्या, कुस्ती.
मग परत सून. मग परत कुस्ती,
या वेळी जरा विचार करून, उशिरा.

वर गेलो. दार नुसतं लोटलेलं.
माझी चिकटपट्टी भिंतीवरच्या कॅलेंडरला डकवलेली,
आणि बाई खिडकीशी उभ्या,
ओठांना फिकट लाली,
हात लांब करून समोरच्या खिडकीवर रिमोट दाबतायत,
अंगठ्याचं नख पांढरं होईस्तोवर.

इथून तिथे पोचायचं नाही.
त्याच्या टीव्हीची पाठ आहे तिच्याकडे.
हे मला कळत होतं, माझा धंदाच तो.

काही होत नाही रे, ती वळून म्हणाली,
सेल बघ जरा.

मी सेल बदलले.