चोवीस तासांची नोंद

नागपूरच्या दवाखान्यात छातीवर पाच चकत्या चिकटवल्या,
कमरेला डबी बांधली, काडेपेटीहून जराशी मोठी,
आणि सिस्टरनं एक कागद दिला:
वेळ. काय करत होता. काय जाणवलं.
म्हटलं, बाई, हे मला शिकवू नका.
एकवीस वर्षं झाली किरमटीच्या अंगणवाडीत,
रकाने हीच माझी शेती.

एसटीतच सुरू केलं.
बारा वीस. उमरेडच्या पुढं खड्डा. धडधड.
एक वाजता. कंडक्टरनं सुट्टे मागितले. धडधड.
(आई याला छातीत मासोळी पलटते म्हणायची.
सरकारी कागदावर मासोळी कशी लिहू?)
चार पाच. अंगणवाडी, वजनाचा दिवस.
पंचफुलानं पोट्टे थांबवून ठेवले होते.
रोजचं काम. काही नाही.
रात्री दोन चाळीस. जाग. डबी टोचते. धडधड, धडधड.
दिवा लावून लिहू लागले तर ह्यांनी विचारलं,
कोणाले चिठ्ठी लिहितेस?
डॉक्टरले. झोपा.

आठ दिवसांनी डॉक्टरनं कागदावर पेनाचं टोक ठेवलं.
धडधड लिहिलंत तिथं फारसं काही नाही,
एखादा ठोका आगाऊ.
आणि इथं, काही नाही लिहिलंय ना,
इथं बघा. अकरा मिनिटं.
रेघ चालली होती
शाळा सुटल्यावर पोट्टे चालतात तशी,
कोणी पळत, कोणी उभं, कोणी चप्पल विसरली म्हणून मागं.

चार पाच. रोजचं काम.
रोजच्या कामात तनुष मडावी होता.
काट्याच्या झोळीत बसून हसत होता
आणि काटा मागच्या महिन्याच्या खाली थांबला,
चारशे ग्रॅम.
मी तक्त्यावर ठिपका दिला.
त्याच्या आईला म्हटलं, अंडं दे, भातावर तेल टाक, सोमवारी पुन्हा आण.
आवाज नेहमीचाच होता माझा.
डॉक्टरला हे सांगितलं नाही.
त्याच्यामुळं झालं असं तो म्हणाला नसता,
मीही म्हणत नाही.

दोन गोळ्या लागल्या. एक ठोक्याला आवरायची,
एक रक्त पातळ ठेवायची, तिच्यासाठी दर महिन्याला सुई.
पालेभाजी सोडू नका, म्हणाला, फक्त रोज सारखीच खा.
सारखीच!
पावसाळ्यात तरोटा दारात उगवतो, फुकट,
मग अंबाडी, मग धान कापल्यावर बांधीत लाखोळी,
आणि वैशाखात मडक्याच्या तळाशी वाळलेली असेल तेवढी.
आमच्या ताटाला ऋतू माहीत आहे, डॉक्टर, सारखं माहीत नाही.
तरी खाऊ मोजायची वाटी घरी नेली,
टोचे पडलेली, स्टॉकमधून कमी केलेली.
पंचफुला म्हणते, ताई, चोरी.

पुतण्यानं पुण्याहून मॅग्नेशियमची बाटली पाठवली.
काका, मोबाइलवर पाहिलं, यानं हृदय शांत होते.
डॉक्टरनं ती उलटी करून वाचली,
आधी किडनी पाहू, रक्तातले क्षार पाहू, म्हणाला,
तोवर भोपळ्याच्या बिया फेकू नका.
बाटली कपाटात आहे, कुलपात,
गर्भार बायांच्या लाल गोळ्यांशेजारी.
त्या बायांना मी सांगत आले, घरी नेऊ नका, माझ्यासमोर गिळा.
आता नऊ वाजता पंचफुला पाण्याचा गिलास घेऊन उभी राहते.
तोंड उघडा, ताई.

डबी कधीच परत केली.
त्या कागदाची मात्र सवय राहिली, वहीच्या मागच्या पानावर.
आज अकरा दहा. तनुषला तोललं.
झोळी हलत होती, काटा थांबेना,
तेवढ्यात मी दोन बोटं मनगटावर ठेवली.
दीडशे ग्रॅम वाढला.
रोजचं काम लिहिलं नाही, सगळं लिहिलं.
काय जाणवलं, त्या रकान्यात
पेन टेकवून बसले आहे अजून.